हसण्याचे चार तास

फोन वाजला तेव्हा ती कुणा अनोळखी बाईचे समोरचे सहा दात मेणात बसवत होती. दुपारचे अडीच. या वेळेला कार्यशाळेत नेहमीच एक पेंग भरून राहिलेली असायची. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात प्लास्टरची पूड तरंगायची, कोपऱ्यात पॉलिशचं यंत्र घरघरायचं आणि फळीवर ओळीने मांडलेले पांढरे जबडे, वरचे वर, खालचे खाली, आत्ताच कुणीतरी त्यांचं वाक्य तोडल्यासारखे अर्धवट उघडे असायचे. कवळ्या बनवण्याचं हे काम ती अकरा वर्षं करत होती. ज्यांच्या तोंडात हे दात जाणार ती माणसं तिने कधीच पाहिलेली नसत. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, सोबत चिठ्ठी: वय बासष्ट, स्त्री, रंग पट्टीवरचा तिसरा. तेवढ्यावरून तिने ते माणूस मनात उभं करायचं आणि त्याला शोभेल असं हसू घडवायचं. एखादा दात किंचित वाकडा, एखाद्याची कड जराशी झिजलेली. ओळ अगदी सरळ लावली तर नकली लगेच उघडं पडतं, हे मास्तरांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मास्तर म्हणजे कार्यशाळेचे मालक, सत्तरीचे, स्वतःच्या तोंडात एकही खरा दात नसलेले. "हसतील त्यांचे दात दिसतील," असं म्हणून ते थांबायचे आणि मग बोट वर करून पुरं करायचे, "आणि ते दात आपले असतील!" हा विनोद ते आठवड्यातून दोनदा करायचे आणि ती दोन्ही वेळा हसायची.

"घाबरू नका," फोनमधला आवाज म्हणाला आणि हातातला चाकू खाली ठेवायच्या आधीच ती घाबरली. बालवर्गाच्या ताई बोलत होत्या. बटण पडली होती. बटण म्हणजे तिची पाच वर्षांची मुलगी. तान्ही असताना जो कडेवर घेईल त्याच्या सदऱ्याचं बटण तोंडात धरायची, म्हणून बापाने हे नाव ठेवलं आणि ते शाळेच्या हजेरीपटाखेरीज सगळीकडे चिकटलं. "घसरगुंडीवरून पडली. मनगट दुप्पट सुजलंय. मोडलं असावं. मी तिला घेऊन दवाखान्यात निघालेय, तुम्ही थेट तिकडेच या." पडली कधी, असं तिने विचारलं. "सकाळी. साडेदहाच्या सुटीत," त्या म्हणाल्या. "आम्हाला आत्ता कळतंय. चित्र काढताना खडू डाव्या हातात धरला होता, म्हणून मी जवळ गेले. चार तास झाले हो, बटणच्या आई. चार तास ती हसत होती."

मास्तरांना तिने शाळेतून फोन आलाय एवढंच सांगितलं. "काही गंभीर?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं. "नाही हो, काही नाही," ती म्हणाली. तोवर तिचे पाय निम्मा जिना उतरलेही होते. रस्त्यावर ऊन इतकं पांढरं होतं, की दुकानांच्या पाट्या, सिग्नलचे खांब, कडेला लावलेल्या सायकली सगळ्यांवर कुणीतरी प्लास्टरचा हात फिरवल्यासारखं दिसत होतं. माणसं समोरून येत होती आणि ती सवयीने त्यांची तोंडं पाहत होती. सवय वाईट, कुणाचे डोळे तिला आठवत नसत, दात आठवत. आज मात्र एकही दात लक्षात राहीना. चार तास म्हणजे किती? साडेदहा ते अडीच. त्यात गोष्ट झाली असेल, डबा झाला असेल, गाणी झाली असतील. गाण्यांना टाळ्या असतात. ती चौकात थांबली, हिरवा दिवा लागला, लाल लागला, पुन्हा हिरवा लागला, तरी ती टाळ्यांपाशीच उभी होती.

दवाखान्यातल्या बाकावर बटण पाय लोंबकळत बसली होती आणि सुजलेला उजवा हात तिने मांडीवर असा ठेवला होता, की जणू दुसऱ्या कुणाचीतरी वस्तू सांभाळायला दिली आहे. आईला पाहून ती हसली. वरचा एक दात पडलेला, त्याच्या फटीतून जिभेचं टोक. "दुखतंय का गं?" "नाही. मी मजेत." डॉक्टरांनी हात इकडे वळवला, तिकडे वळवला, फोटो काढला, पांढऱ्या रेषेत काळी चीर दाखवली. प्रत्येक वेळी विचारलं आणि प्रत्येक वेळी मुलीने डोळे विस्फारून, ओठ ताणून तेच उत्तर दिलं. "वाघीण आहे हो तुमची!" डॉक्टर म्हणाले. "इथे मोठमोठे बाप्ये हंबरडा फोडतात." आणि तिला अभिमान वाटला. हे नंतर तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं. पोरीचं हाड मोडलेलं समोर दिसत होतं आणि छातीत काहीतरी गोड, उबदार पसरलं होतं, जसं शाळेच्या बक्षीस समारंभात आपलं नाव पुकारल्यावर पसरतं. भिंतीपाशी ताई उभ्या होत्या, बटणचा एक बूट हातात घेऊन. तो घाईत निघाला होता आणि परत घालायला कुणाला सुचलं नव्हतं. डॉक्टरांच्या विनोदावर त्या एकट्याच हसल्या नाहीत.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बटण पलंगावर झोपी गेली, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून, आणि ती शेजारी बसून राहिली. पडद्याची सावली भिंतीवर हलत होती. तिला स्वतःचं लहानपण आठवलं असं म्हणता येणार नाही. ते नुसतं आलं आणि खोलीत बसलं. तेव्हाही असाच ओढलेला पडदा. आत तिची आई डोकं दुखतंय म्हणून पडलेली. आईचं डोकं आठवड्यातले चार दिवस दुखायचं आणि त्या चार दिवसांत घरातल्या प्रत्येक भांड्याला, दाराला, पावलाला दबकून वागावं लागायचं. ती बाहेर फरशीवर भिंतीला टेकून बसायची. कोणती फरशी हलते, कोणत्या दाराची बिजागरी कुरकुरते, हे तिला पाठ होतं. मावशी आली की म्हणायची, "काय गुणाची पोर, असून नसल्यासारखी!" हे वाक्य तिला फार आवडायचं. असून नसल्यासारखं असणं ही जगातली सगळ्यात मोठी कला आहे, असं तिला वाटायचं. आठव्या वर्षी तिची दाढ दुखायला लागली. नऊ दिवस तिने कुणाला सांगितलं नाही, रात्री उशीची कड चावून धरली, सकाळी दुसऱ्या बाजूने जेवली. दहाव्या दिवशी गाल टम्म सुजला तेव्हा चोरी उघडकीला आली. दातांचे डॉक्टर म्हणाले, हिला सहनशक्तीचं बक्षीस द्या, आणि घरच्यांनी खरंच दिलं, जांभळी रिबीन. आई पलंगावरून उठून बसली होती, तिच्या केसांत ती रिबीन बांधत म्हणाली होती, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बरं का, शहाणे." पुढे ती कवळ्यांच्या धंद्यात का गेली, असं कुणी विचारलं की ती या दाढेची गोष्ट विनोदाने सांगायची. ऐकणारे हसायचे. आज पहिल्यांदाच तिला त्या गोष्टीतल्या आठ वर्षांच्या मुलीचा गाल डोळ्यांपुढे दिसला, आणि तिने नकळत स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला.

नवरा सातला आला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि त्याच्या अंगाला वंगणाचा वास यायचा, जो तिला लग्नानंतर सहा महिने आवडत नव्हता आणि मग त्याच्याशिवाय झोप येईनाशी झाली. त्याने पोरीच्या प्लास्टरवर बोटाने टिचकी मारली, "कोण आहे आत?" असं विचारलं, आणि झोपेतून उठलेली बटण खुदकन हसली. परक्यांशी बोलण्यात त्याचा हातखंडा होता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आतल्या माणसाशी बंद दारातून बोलत राहायचं हा त्याच्या कामाचाच भाग होता. नाव विचारायचं, आत कोणकोण आहे विचारायचं, किती वेळ लागेल हे मात्र सांगायचं नाही. तासतासभर तो दाराला तोंड लावून अनोळखी माणसांना धीर द्यायचा. घरी मात्र दोघांनी एकमेकांशी बोलायच्या कितीतरी गोष्टी राहूनच गेल्या होत्या. एक तर नक्कीच. सहा महिन्यांपूर्वी तिच्या पोटातलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. दवाखान्यातून आल्यावर नवव्या दिवशी ती कामावर हजर झाली. मास्तरांनी आठवडाभर हलकं काम दिलं, सोप्या कवळ्या, दोन-दोन दातांच्या. फोनवर, जिन्यात, बसस्टॉपवर लोकांनी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, मजेत. म्हणायला सोपा शब्द, तीन अक्षरांचा, ओठ मिटून सुरू होतो. बटणला सांगितलं होतं, की बाळ आत्ता नाही येणार, मग कधीतरी. तिने काही विचारलं नाही. "मुलं काय, विसरतात," नवरा म्हणाला होता आणि पुढचे दोन महिने तो सुट्टीच्या दिवशीही कामावर जात होता.

तीन दिवसांनी ताईंनी तिला शाळेत बोलावलं. बालवर्गात मोठ्यांसाठी खुर्च्या नव्हत्या. ती एका वीतभर खुर्चीवर बसली आणि गुडघे हनुवटीला लागले. अशा खुर्चीवर बसलं की माणूस आपोआप अपराधी होतो. खोलीत खडूंचा, ओल्या मातीचा आणि लहान डोक्यांचा वास होता. ताई पोरसवदा होत्या, नाकावर शाईचा डाग, आणि बोलताना समोरच्याकडे इतकं नीट बघायच्या की बटणच्या आईला चुळबुळ व्हायची. त्यांनी सांगितलं, की रोज सकाळी सगळी मुलं गोल करून बसतात आणि एकच प्रश्न असतो: आज आत काय आहे? ज्याला जे वाटेल ते त्याने सांगायचं. कुणी म्हणतं आत कुत्रा भुंकतोय, कुणी म्हणतं दगड आहे, एक जण महिनाभर म्हणत होता की आत चोर आहे. त्यावर कुणी हसायचं नाही आणि कुणी उपदेशही करायचा नाही. बाजूच्याने फक्त विचारायचं, मी काही करू का? "यातून ती शिकतात," ताई म्हणाल्या. "राग आला तर दात न लावता सांगायचं. रडू आलं तर कुणाजवळ जायचं. अक्षरं काय, पुढे येतातच हो." बटण आधी भरभरून सांगायची. आत उंदराचं लग्न आहे. आत पायऱ्या आहेत. "आणि आता?" "आता सहा महिने एकच सांगते. 'मजेत.' आणि लगेच बाजूच्याला विचारते, तुझ्यासाठी काही करू का? वर्गात कुणी रडलं की पहिली तीच पोचते. मी आधी कौतुकच करत होते." ताईंनी नाकावरचा डाग आणखी पसरवला. "माझं चुकलं. घरात तेव्हा काही झालं होतं का?"

बटणच्या आईने खिडकीबाहेर पाहिलं. घसरगुंडी रिकामी होती आणि तिच्या पत्र्यावर ऊन साचलं होतं. "नाही," ती म्हणाली. "विशेष असं काही नाही." शब्द तोंडातून इतके सफाईने बाहेर पडले, की त्यांना एकही कड झिजलेली नव्हती. ताईंनी मान हलवली, विश्वास बसल्यासारखी नव्हे. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही तिच्यासमोर कधी रडता का?" किती चमत्कारिक प्रश्न, तिला वाटलं; एखाद्याला तुम्ही पोहता का, असं विचारावं तसा. "रडण्यासारखं काही नसतं ना," ती म्हणाली. "कधी असलं तर लपवू नका, एवढंच," ताई म्हणाल्या. "सांगितलेलं मुलं कुठे शिकतात? बघितलेलं शिकतात."

त्या रात्री जेवताना त्यांनी घरी गोल केला. तिघांचा कसला गोल, त्रिकोणच तो. "आज आत काय आहे?" तिने विचारलं, आवाज उगीचच चढा लागला. "भूक," नवरा म्हणाला. बटण खिदळली. "बाबा, खरं सांगायचं असतं." "मग खरी भूक." पुन्हा हशा. बटणचा नंबर आला, ती म्हणाली, "मजेत," आणि आईचा नंबर आला तेव्हा तिने तोंड उघडलं, आत खरोखरच काय आहे ते पाहायला गेली, आणि तिथे इतका अंधार होता की ती चटकन मागे फिरली. "दमणूक," ती म्हणाली. बटणने लगेच विचारलं, "मी काही करू का?" भांडी घासताना नवरा हळूच म्हणाला, "अगं, तू बोल ना तिच्याशी बाळाचं." "तू बोल," ती म्हणाली. "तुला बोलता येतं." "मला बंद दारातून येतं," तो म्हणाला आणि दोघंही हसली, आणि विषय ताटलीसारखा पुसून फळीवर गेला.

पण ताईंचं ते वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. बघितलेलं शिकतात. ठीक आहे, तिने ठरवलं, तर दाखवू. मुलीसमोर रडायचं. आता हे दुसऱ्या कुणी ठरवलं असतं तर ती वाट पाहत बसली असती, रडू येईल तेव्हा येईल म्हणून. हिने ते कामासारखं हाती घेतलं. नकली गोष्ट खऱ्याला शोभेल अशी बनवणं यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी कारण हवं, फार मोठं नको, मुलीला पेलेल एवढं. छत्री हरवली म्हणावं. निळी, लाकडी मुठीची, तिची आवडती छत्री तिने कार्यशाळेच्या कपाटात लपवून ठेवली. मग प्रमाण. फार धो धो नको, कोरडंही नको. आवाज मध्येच किंचित अडखळायला हवा. दुपारच्या पेंगेच्या वेळी ती हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहून ओठांचे कोपरे खाली ओढून बघायची. मास्तरांनी एकदा पाहिलं. "काय, दात दुखतोय का गं मुली?" "नाही, मास्तर." "मग असं तोंड का?" "सराव करतेय." मास्तरांनी थोडा विचार केला. "खालचा ओठ जास्त होतोय," ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

गुरुवारी संध्याकाळी नवऱ्याला उशिराची पाळी होती. सहाचा सुमार. खिडकीतून तो मऊ, केशरट उजेड आत आला होता ज्यात घरातल्या वस्तू आपलं वजन विसरतात. टेबल तरंगत होतं, कपबशा तरंगत होत्या, बटण जमिनीवर पोटावर झोपून डाव्या हाताने वेडीवाकडी घरं काढत होती. ती खुर्चीत बसली. पदार्थ भाजायला ठेवल्यासारखी तिने क्षणभर वाट पाहिली. मग म्हणाली, "बटण, माझी निळी छत्री हरवली गं," आणि ओंजळीत तोंड घेतलं. खांदे हलवले. आवाज एकदा अडखळवला. बोटांच्या फटीतून तिला दिसलं, की मुलीचा खडू थांबला आहे. चांगलं चाललं होतं. आता ती येईल, विचारेल, आपण सांगू की वाईट वाटलं की रडावं, त्यात काही नाही. सगळं ठरलेलं होतं. बटण उठली. पण ती आईकडे आली नाही. फरशीवर काहीतरी ओढत नेल्याचा आवाज झाला, लाकडी स्टुलाचा. मग न्हाणीघराच्या दाराचा. मग पाण्याचा. बादलीत धो धो पाणी पडत होतं. मुलगी परत आली, बाही भिजलेली, हात डाव्या अंगाला पुसत, आणि तिने आईच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

"आई, नळ सोडलाय. जा."

"कशाला गं?"

"रडायला." बटणच्या चेहऱ्यावर कामाची घाई होती. "तू आत जा, कडी लाव. मी इथे बाहेर बसते. कुणी आलं तर सांगते, आई मजेत आहे."

ओंजळ तिच्या तोंडावरून कधी खाली आली तिला कळलं नाही. पाणी पडत होतं. सहा महिने, कामावरून आल्यावर, ती न्हाणीघरात जायची, नळ पूर्ण सोडायची, टॉवेल तोंडात धरायची, दहा मिनिटांत बाहेर यायची, चेहरा धुतलेला, ओठ ताणलेले. नळाखाली कुणाला काय ऐकू जाणार? किती वेळा दार उघडल्यावर ही पोर बाहेर फरशीवर भिंतीला टेकून बसलेली दिसली होती, आणि किती वेळा तिने म्हटलं होतं, इथे काय करतेस, जा खेळ. ती खेळत नव्हती. ती पहारा देत होती. पाच वर्षांच्या पोरीने आईचं रडणं सांभाळलं होतं, वेळ लक्षात ठेवून, कुणाला न सांगता, असून नसल्यासारखी. तिला कुणी रिबीनही दिली नव्हती. आणि आपण छत्रीसाठी ओठांचे कोपरे मोजत होतो, तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की खोलीतला सगळा केशरट उजेड तोंडावर आल्यासारखा झाला.

ती उठली. न्हाणीघरात जाऊन तिने नळ बंद केला. बादली काठोकाठ भरली होती, तिच्यावर एक शेवटचा थेंब पडला, आणि मग घरात जी शांतता झाली तिच्यात लपायला कुठेच जागा नव्हती. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली, दार सताड उघडं टाकून. बटण उंबऱ्याशी उभी होती, गोंधळलेली. नळ बंद असताना काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. "छत्री हरवली नाही," आई म्हणाली. "मी खोटं रडत होते." आणि ते म्हणताना तिचं खरं सुरू झालं. त्याला काही प्रमाण नव्हतं. नाक वाहत होतं, खालचा ओठ फारच जास्त होत होता, घशातून असे आवाज येत होते जे तिने स्वतःचे कधी ऐकले नव्हते. "बाळ गेलं, बटण," ती म्हणाली. "मग कधीतरी येणार नाही. ते बाळ आता नाहीच येणार. मला त्याची फार आठवण येते. रोज येते."

बटण आत आली, ओल्या फरशीवर आईसमोर बसली, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. मग आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मी नळीतून ओरडले होते."

"कुठल्या नळीतून?"

"कागदाची नळी. चित्राची गुंडाळी करून. तू झोपली होतीस ना दुपारी, तेव्हा मी तुझ्या पोटाला लावली आणि जोरात ओरडले. बाहेर ये, असं. खूप जोरात." तिचे ओठ ताणायला लागले, ते नेहमीचं हसू यायला लागलं, चुकून दिवा लागावा तसं. "म्हणून ते घाबरून गेलं. मी कुणाला सांगितलं नाही."

सहा महिने, तिला वाटलं. चार तासांचं काय घेऊन बसलोय. तिने मुलीचे दोन्ही गाल हातांत धरले, त्या हसण्याच्या जागीच, आणि ते हसू बोटांखाली थरथरताना तिला जाणवलं. "नाही गं," ती म्हणाली. "तुझ्या ओरडण्याने नाही. तू ओरडलीस की ते आतून लाथ मारायचं. त्याला तुझा आवाज ओळखू यायचा. बाळाला आतच बरं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं मला. कुणाच्या करण्याने झालं नाही. तू नाही केलंस. मी नाही केलं." शेवटचं वाक्य तिने मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. ते न्हाणीघराच्या भिंतींवर आपटून परत आलं आणि तिने ते एखाद्या परक्या माणसाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं.

बटण तिच्याकडे बघत होती, खरं आहे का हे तपासत. मुलं तपासतात, डोळे, ओठ, नाकपुड्या, सगळं. बराच वेळ तपासून झाल्यावर तिचे खांदे एकदम खाली आले आणि ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, हात दुखतोय."

"आत्ता?"

"पडले तेव्हापासून. खूप दुखतोय. टाळ्या वाजवताना तर खूपच दुखला."

आणि ती रडायला लागली. आधी नुसतं तोंड उघडलं, आवाजच नाही, आवाज कुठून काढायचा हे विसरल्यासारखं. मग तो आला, आणि काय आला! साऱ्या घराला पुरून उरेल असा, घसरगुंडीचा, नळीचा, सहा महिन्यांच्या सकाळच्या गोलांचा, एवढ्याशा छातीत कुठे मावला होता कोण जाणे. आईच्या जिभेवर उगी उगी आलं, शहाणी ना तू आलं, रडायचं नाही आलं. तिने ते गिळलं. पोरीला मांडीत ओढून घेतलं, दुखरा हात सांभाळून, आणि दोघी त्या ओल्या फरशीवर बसून मोठमोठ्याने रडत राहिल्या. उजेड केव्हा राखाडी झाला ते समजलं नाही. मधूनच बटण थांबायची, श्वास घ्यायची, "इथे दुखतंय, आणि इथे पण," असं दाखवायची आणि पुन्हा सुरू व्हायची, आणि आई प्रत्येक जागेवर बोट ठेवून विचारायची, "इथे? किती?"

दाराची घंटा वाजली. पुन्हा वाजली. ती मुलीला कडेवर घेऊन उठली, साडी मागून चिंब भिजलेली, केस तोंडावर, आणि तिने दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या. जिन्यात रोज सकाळी भेटायच्या, कशी आहेस विचारायच्या, उत्तर घेऊन पुढे जायच्या. आज त्यांच्या हाताला पीठ लागलेलं होतं आणि चेहरा घाबरा झाला होता. "अगं बाई, केवढा आवाज! काय झालं? कुणी पडलं का?"

सवयीने तिचे ओठ मिटले. त्या तीन अक्षरांसाठी ते मिटले होते, हे तिला स्पष्ट जाणवलं. कडेवरच्या बटणने रडता रडता मान वळवली आणि आता आई काय सांगते ते पाहायला तिच्या तोंडाकडे डोळे लावले.

"रडतोय आम्ही, काकू," ती म्हणाली. "दोघी. या ना, आत या."